खोब्रागडे बाई आणि व्हरांड्यातलं पिल्लू

खोब्रागडे बाईंना माणसांपेक्षा कुत्री प्यारी होती, असं आमच्या वसाहतीत अजूनही म्हणतात. साफ खोटं. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले आहे. कुत्र्याचा मुका घेताना, त्याला सोन्या-राजा म्हणताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बाईंना राग यायचा, एवढंच. जीव हौसेनं घरी आणायचा आणि मग त्याला दारातल्या पायपुसण्यासारखं विसरून जायचं, याचा त्यांना असा राग यायचा की समोर कोण उभं आहे तेही दिसायचं नाही. त्या रागापायीच ही सत्तरीला टेकलेली बाई दुसऱ्याच्या दारात खुर्ची टाकून बसली, तीही बिबट फिरत असताना. तिथं साखळीला बांधलेलं एक परकं पिल्लू जगावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि वसाहत काय म्हणाली? बाईचं डोकं फिरलं. हे ऐकून ऐकून माझे कान किटले, म्हणून लिहायला बसले.

आमची वसाहत गडचिरोलीत, धानोरा रोडच्या अंगाला. मागे नाला, नाल्यापलीकडे झुडपं, आणि झुडपं कुठं संपतात नि जंगल कुठं लागतं ते बिबटालाच माहीत. बाई नर्स होत्या. उभी नोकरी धानोऱ्याकडच्या दवाखान्यांत झाली. लग्न केलं नाही; का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर इथं दोन खोल्यांचं घर बांधलं. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि त्याच खोलीत पंख्याखाली चारोळीची गादी. चारोळी म्हणजे त्यांची कुत्री. पांढरी, कानांवर आणि पाठीवर तपकिरी डाग, मांजरीहून थोडीशीच मोठी. जॅक रसेल टेरियर जातीची. सगळे तिला इंग्लिश कुत्री म्हणायचे. बाई म्हणायच्या, "इंग्लिश कायची? धानोऱ्याच्या बाजारात टोपल्यात असते तशी चारोळी हाय ते."

कुणी कुत्रं घेऊन भेटायला आलं की बाई आधी माणसाकडे पाहायच्याच नाहीत. खाली बसायच्या, कुत्र्याचा कान उलटा करायच्या, पायाच्या बोटांमधल्या फटी पाहायच्या, हिरड्यांवर अंगठा दाबायच्या. मग वर पाहून, "हं, तुमचं कसं काय?" दवाखान्याची सवय. चारोळीची तर रोज संध्याकाळी तपासणी. दिव्याखाली पाटावर बसवून गोचीड शोधायचे आणि साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायचे. ती वाटी हातात घेऊनच बाई कुंपणाशी येऊन माझ्याशी गप्पा मारायच्या. मी कितीदा म्हटलं, बाई, आधी ते ओतून या हो. त्या म्हणायच्या, "तुमच्या घरच्या भाजीत टाकून राह्यली का मी?"

ही चारोळी त्यांनी कशी निवडली, ते त्यांच्या तोंडून कधीच निघालं नाही. कुणी विचारलं तर, "पसंत करून आणली," एवढंच. मला ते त्यांच्या भाच्यानं सांगितलं. प्रशांत नाव त्याचं, नागपूरला असतो. बाईंना जनावर लहान हवं होतं, कारण गुडघे गेलेले, मोठं कुत्रं ओढून पाडेल. पण मांडीवर बसून राहणारं नको होतं. लहान असावं आणि कामसू असावं, असं त्यांचं म्हणणं. टेरियर उंदराच्या मागे बिळात शिरणारी जात, म्हणून तीच घ्यायची ठरली. नागपूरला एका बंगल्यात पिल्लं विकायला आहेत असं कळलं. दोघं गेले. मालकानं टोपलीत पिल्लं आणली, एकेकाच्या गळ्यात लाल रिबीन.

बाईंनी टोपलीकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "याइची माय दाखवा."

"माय काय पाहता बाई, पिल्लं पाहा ना. किती गोड हायेत."

"मी जिंदगीभर बाळंतपणं केली. आधी माय पाह्यतात, मंग लेकरू."

माय गावी ठेवली आहे म्हणे. तेवढ्यात मागून भुंकणं ऐकू आलं. बाई पाणी प्यायचं निमित्त करून उठल्या ते सरळ मागच्या दारातून बाहेर. मालक मागं मागं, अहो बाई, अहो बाई. मागं टिनाच्या शेडमध्ये, ओल्या सिमेंटवर, ती माय होती. सड लोंबलेले, नखं वाढून वळलेली, दात सडून तोंडाला वास. शेडमध्ये मातीचा कणही नव्हता. मालक खजील व्हायचं सोडून म्हणाला, आता हिला पिल्लं होत नाहीत, कुणी नेली तर देऊनच टाकायची आहे.

प्रशांत सांगत होता, मावशी सरळ पुढं झाली. पदर खोचला, कुत्रीला उचललं आणि गाडीत जाऊन बसली. टोपलीतली गोड पिल्लं टोपलीतच राहिली. बंगल्याचा मालक अजून नागपुरात सुखानं पिल्लं विकत असेल आणि लोक रिबिनी पाहून घेत असतील. माय दाखवा, एवढे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघत नाहीत. आमची वसाहत तर त्या दिवशी पोट धरून हसली. बाई गेल्या पिल्लू आणायला आणि घेऊन आल्या म्हातारी.

चारोळी आली तेव्हा तिला मातीवर पाय ठेवता येईना. गवताला घाबरायची. बिळं उकरणाऱ्या जातीची कुत्री, आणि तिनं जन्मात माती पाहिलेली नाही. बाईंनी अंगणात लाल मातीचा ढीग टाकून घेतला. त्यात रोज फुटाणे पुरायचे आणि खुर्ची घेऊन बसायचं. बरेच दिवस ती ढिगाकडे नुसती पाहत राहायची. एका सकाळी मला कुंपणापलीकडून बाईंचा हसण्याचा आवाज आला. मी धावत गेले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. चारोळी कमरेपर्यंत ढिगात शिरली होती, मागच्या पायांनी माती उडवत होती, आणि ती सगळी माती बाईंच्या लुगड्यावर येत होती. पुढं तिनं हळदीचा वाफा उकरला, माझ्या कुंपणाखालून भुयार काढलं. मी तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "तिचं काम करून राह्यली ते. तुमचं काम करा न तुम्ही."

उन्हाळ्यात तर बाईंचा पारा चंद्रपूरच्याही वर. चंद्रपूरहूनच एकदा कुणाकडे तरी जावई आला होता, सोबत रेशमी लांब केसांचं चिमुकलं कुत्रं. उन्हाळा म्हणून त्याचे केस मशीननं पार साफ केलेले. आत गुलाबी कातडी. मे महिना, चार वाजलेले, आणि जावईबापू पायात बूट घालून त्या उघड्यावाघड्या जिवाला डांबरी रस्त्यावरून फिरवतायत. कुत्रं एक पाय उचलतंय, दुसरा टेकवतंय. जावयाला वाटलं नाचतंय. मोबाइल काढून तो त्याचं शूटिंग करत होता. बाई फाटक उघडून बाहेर आल्या.

"बूट काढा."

"आँ?"

"बूट काढा पायातले. मोजे बी काढा. अन् उभे राहा इथी."

काय आवाज होता तो. दवाखान्यात कण्हणारा माणूस गप्प बसावा असा. जावयानं खरंच बूट काढले. पाय टेकवला आणि हाय हाय करत तोही नाचायला लागला. बाई तशाच उभ्या. म्हणाल्या, "आता मी तुमचा फोटो काढू का?" मग कुत्रं उचलून सावलीत नेलं, पोटाला नि पंजांना ओला कपडा लावला. केस म्हणजे त्याचं छप्पर असतं, विंचरून मोकळे ठेवायचे, छप्पर काढून कुणी उन्हात बसतं का, असं ऐकवलं. वसाहतीत बोभाटा झाला, बाईनं जावयाचा अपमान केला. जावयाच्या पायाला फोड आले म्हणून चार घरं हळहळली. त्या कुत्र्याच्या पायाचं कुणी विचारलं नाही.

मलाही त्यांनी सोडलं नाही बरं. माझ्या मुलीला असंच लहानसं कुत्रं हवं होतं, मी म्हटलं बाई, निवडायला मदत करा. रविवारी दुपारी आल्या आणि आमच्या हॉलमध्ये खुर्चीत बसल्या ते संध्याकाळपर्यंत. ऊन कुठून येतं, पंखा बंद पडला तर काय, भांडं कुठं ठेवाल, सगळं पाहून झालं. मग विचारलं, "शाळेच्या दिवशी दुपारी घरी कोण असते?" मी म्हटलं कुणी नाही, मी शाळेत शिकवते, मुलगी कॉलेजात. बाई उठल्या. "मंग नाई जमत. हे जात एकटी बसणारी नाई. भिताडं खरवडन, रडन. आन्साल त मी तुमच्याशी बोलणार नाई." चहाही न घेता गेल्या. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच नाही म्हटलं होतं. मी चिडले, पण कुत्रं आणलं नाही.

गुरनुलेंनी मात्र आणलं. आता गुरनुले म्हणजे वसाहतीचे अध्यक्ष. माणूस तसा वाईट नाही, कुणाच्याही मयतीला पहिला हजर. पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. त्या वर्षी बिबट नाल्याच्या अलीकडे यायला लागला होता. पलीकडच्या टोलीतली, म्हणजे पाड्यावरची, एक शेळी गेली, मग कोंबड्या. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, संध्याकाळनंतर लेकरं, कुत्री बाहेर ठेवू नका. गुरनुलेंनी त्यातून काय काढावं? खेड्यात शेळ्यांच्या गोठ्यापाशी राखणीचं कुत्रं असतं, बिबट आला की ते भुंकतं आणि लोक जागे होतात. तर वसाहतीलाही तसं एक कुत्रं पाहिजे. आणि ते त्यांच्या व्हरांड्यात राहील, कारण त्यांचं घर नाल्याकडचं शेवटचं.

बाईंकडे ते सल्ला घ्यायला गेले, मी तिथंच होते. म्हणाले, "बाई, तुमच्या चारोळीच्या जातीचं पाह्यजे. लहान हाय, खाते कमी, पण आवाज कसा खणखणीत. कोणत्या रंगाचं जास्त भुंकते?"

बाईंनी विचारलं, "कुत्रं घेऊन राह्यला का दाराची घंटी?"

"आता तेच समजा न."

"मंग घंटीच लाव. बाजारात भेटते."

गुरनुले हसले, त्यांना वाटलं बाई गंमत करतात. पंधरवड्यात चंद्रपूरहून जॅक रसेलचं पिल्लू आलं. नाव ठेवलं टायगर. व्हरांड्याच्या खांबाला कडी ठोकली, कडीला साखळी, साखळीला टायगर. बाई जाऊन सांगून आल्या, दोनदा, तीनदा. खेड्यातलं राखणीचं कुत्रं मोकळं असते, ते पळते, लपते, वापस येते, संगं दुसरी कुत्री असतात. "तू त ताट वाढून ठेवलं बिबटासाठी," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. गुरनुले म्हणाले, मोकळं सोडलं तर हरवेल, महागाचं आहे. घरात घ्यायचं तर देवघर आहे. बाईंनी विचारलं, "देवघर कोपऱ्यात हाय का घरभर?" त्यावर गुरनुले रागावले.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला एका सकाळी कडीला साखळी होती, साखळीला पट्टा होता, आणि पट्ट्यात टायगर नव्हता. फरशीवर थोडं रक्त. भुंकणं म्हणाल तर ते कुणीच ऐकलं नाही. गुरनुलेंनी वसाहतीच्या ग्रुपवर टायगरचा फोटो टाकला, त्याला फुलांची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. शंभर लोकांनी हात जोडले. मी मोबाइल फेकून देणार होते.

बाई तिथं गेल्या तेव्हा गुरनुले दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. बाई काही बोलण्याआधीच म्हणाले, "काय करता बाई. छोट्या जातीचं होतं. नाई टिकलं."

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "जात काढू नको. साखळीचं बोल."

  बाई वाकल्या, पट्टा साखळीतून सोडवला आणि खांबापाशी ठेवून घरी गेल्या. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही.

एवढं झाल्यावर माणूस काय करील? गुरनुलेंनी महिन्याभरात दुसरं पिल्लू आणलं. तीच जात, तोच खांब, तीच साखळी. नावसुद्धा टायगर. बल्ब गेला की दुसरा लावावा, तसं. मी त्यांना रस्त्यात गाठून म्हटलं, भाऊ, तुम्हाला काही वाटतं की नाही? ते म्हणाले, "मॅडम, आता साखळी आखूड केली न. व्हरांड्याच्या भिंतीच्या आत ठेवून राह्यलो त्याले." म्हणजे पळायलाही जागा उरली नाही, हे त्यांच्या ध्यानात येईना.

त्याच संध्याकाळी बाईंनी चारोळीला खोलीत ठेवलं, रेडिओ लावला, दार ओढलं. प्लास्टिकची खुर्ची, बॅटरी आणि काठी घेऊन गुरनुलेंच्या फाटकातून आत गेल्या आणि पिल्लाशेजारी खुर्ची टाकली. गुरनुले बाहेर आले.

"काय झालं बाई?"

"काही नाई. तू बांधलं न त्याले, त मी बी बसली."

"कधीलोक?"

"तू आत नेशील तधीलोक."

गुरनुलेंना वाटलं, थंडी वाजेल, जातील. बाई काही हलल्या नाहीत. जेवणं झाली, लोक फाटकाशी जमले, तेव्हा लाजेकाजेस्तव गुरनुलेंनी पिल्लू मागच्या मोरीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पिल्लू परत खांबाला आणि बाई परत खुर्चीत. रोज तेच. लोकांना तमाशा झाला. कुणी म्हणे, बाईला पोरंबाळं नाहीत म्हणून हे सुचतं. कुणी म्हणे, यांच्यामुळेच बिबट येतो, यांच्याच कुत्रीचा वास लागतो त्याला. नाल्यात मंगल कार्यालयवाले कोंबडीची घाण फेकतात, तिचा वास येत नाही. आंघोळ घातलेल्या चारोळीचा येतो. वनखात्याचा एक पोरगेला गार्ड बाईंना समजवायला आला, आजी, तुम्ही नका बसू, धोका आहे. बाई म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं. हेच त्या मालकाले सांगा." त्यानं सांगितलंही. गुरनुले म्हणाले, माझं घर, माझं कुत्रं.

मी एकदा त्यांच्यासाठी चहा नेला. पिल्लू त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून झोपलं होतं. मी म्हटलं, बाई, घेऊन या ना याला घरी. तेवढ्यात गुरनुलेच आतून आले. ऐकलं असावं त्यांनी. वैतागून साखळी कडीतून काढली आणि बाईंच्या मांडीवर टाकली. "घ्या. घेऊन जा एकदाचं. माह्या मागची कटकट गेली."

मला तर हायसं वाटलं. बाईंनी साखळी उचलून परत त्यांच्या हातात दिली.

"मी नाई नेत."

"आता काऊन? रोज त्याच्यासाठीच बसता न?"

"मी नेलं त तू तिसरं आनशील. मंग मी चौथं नेऊ का? हे तुह्यं हाय. तुलेच सांभाळा लागन. घरात."

गुरनुलेंनी साखळी परत कडीत अडकवली आणि दार आपटलं. मी बाईंवर चिडले. म्हटलं, उद्या याला काही झालं तर? एक जीव तरी वाचत होता. बाई म्हणाल्या, "मले नाई समजत का ते?" त्यांचा हात पिल्लाच्या पाठीवरून निघत नव्हता. त्यांना ते पिल्लू न्यायचं होतं हो. त्या क्षणी उचलून पळत सुटायचं होतं. मी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिले.

मग ती संध्याकाळ आली. अंधार नुकता पडला होता, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी माझ्या गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होते; तिथून गुरनुलेंचा व्हरांडा दिसतो. नाल्याकडची सगळी गावठी कुत्री एकदम भुंकायला लागली, आणि मग एकदम गप्प झाली. सगळी. ही शांतता आमच्याकडे लहान पोरालाही कळते. टायगर भुंकला नाही. तो बाईंच्या खुर्चीखाली शिरला आणि साखळी ताणून अंग चोरायला लागला. बाई उभ्या राहिल्या. पळाल्या नाहीत. डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात काठी, नाल्याकडच्या भिंतीकडे तोंड करून ही बाई पिल्लापुढं उभी.

गुरनुले वरच्या बाल्कनीत होते. त्यांनी ते पाहिलं. मी त्यांना जिन्यावरून धडपडत उतरताना ऐकलं. अनवाणी बाहेर आले, साखळी खेचली, कडीतून निघेना.  शेवटी पट्ट्याचं बक्कल सोडलं, पिल्लाला छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं बाईंना दंडाला धरून ओढलं आणि तिघंही आत. दार लागल्याचा आवाज आला, वरची कडी, खालची कडी. त्यांची बायको छाया नंतर मला सांगत होती, हे पिल्लाला घेऊन थेट देवघरापुढंच खाली बसले. टायगर त्यांच्या शर्टात मुतला. छायानं देवापुढचा दिवा लावला आणि मग पिल्लाचं अंग पुसलं.

सकाळी वनखात्याच्या माणसांनी पाहिलं. जमीन कडक, पाऊलखुणा काही मिळाल्या नाहीत. लगेच लोक बोलायला लागले, बिबट आलाच नव्हता, बाईनं उगीच भेव घातलं. गुरनुलेंनीही बाईंना विचारलं, खरंच आला होता का?

"मले काय माहीत," बाई म्हणाल्या. "तो आला का नाई आला, तुले भेव त आलं."

त्या दिवसापासून टायगर आत झोपतो. छायानं ती कडी कारागीर बोलावून कापून घेतली. बाईंनी गुरनुलेंचं कौतुक केलं नाही, आभार मानले नाहीत. उलट आठवड्यानं जाऊन टायगरच्या बोटांमधले गोचीड दाखवून त्यांना चांगलं झापून आल्या. 

पुढल्या चैत्रात बाईंच्या पोटात दुखायला लागलं. त्या नर्सच; दुखणं कसलं आहे ते डॉक्टरच्या आधी त्यांना कळलं होतं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं, प्रशांत गाडी घेऊन आला. चारोळी तोवर पार म्हातारी झालेली, दूधभातावर आलेली. दवाखान्यात किंवा प्रशांतच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिला नेणं शक्य नव्हतं. ती माझ्याकडे राहणार, हे मी धरूनच चालले होते. बाई लग्नाकार्याला गेल्या की चारोळीला मीच पाहायचे. शिवाय मी आता निवृत्त झाले होते, दुपारीही घरी होते. मी गादी धुऊन ठेवली होती, पंख्याखालची जागा रिकामी केली होती. सकाळी अर्धी वसाहत फाटकाशी जमली, ज्यांनी डोकं फिरलं म्हटलं तीही. बाई काठी टेकत आल्या, पुष्कळ वाळलेल्या, चारोळी काखेत. मी हात पुढं केले. बाई मला ओलांडून गेल्या आणि मागं उभ्या असलेल्या गुरनुलेंपुढं थांबल्या.

"धर."

गुरनुले दचकले. "मी? मले काऊन बाई?"

"तू धर म्हनलं न."

मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, बाई, हे काय? मी असताना यांच्याकडे? ज्यांच्या दारात एक पिल्लू गेलं, त्यांच्याकडे?

बाई वळल्या. आवाज बारीक झाला होता, पण नजर तीच. म्हणाल्या, "मास्तरीण, तुमी चांगल्या हात. पण तुमचं अजून काही गेलं नाई. कुत्रं कण्हलं त तुमी सकाळी पाहू म्हनसान. हा नाई म्हनणार. हा उठते. छाया सांगते मले, पान हाललं तरी उठून टायगर कुठी हाय ते पाह्यते हा."

गुरनुले खाली पाहत होते.  त्यांनी चारोळीला घेतलं, कसं धरायचं ते बरोबर माहीत असल्यासारखं, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. बाईंनी तिच्या कानात डोकावून पाहिलं, मग पंजे पाहिले. डोक्यावरून हातही फिरवला नाही. सरळ जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या.

मला त्याचा राग आला होता. खरं सांगते, अजून आहे. चारोळी पुढं गुरनुलेंच्या घरी चांगले दोन पावसाळे जगली, मी रोज जाऊन पाहत होते, तिच्या अंगावर एक गोचीड सापडला नाही, आणि तरीही आहे. बाई मात्र परत आल्या नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गाडीत. वळणावर गाई बसल्या होत्या म्हणून प्रशांतला गाडी थांबवावी लागली. मला वाटलं, आता तरी बाई मागं वळून पाहतील. काच खाली झाली. बाईंचा हात बाहेर आला, बोट रोखलेलं, पण ते आमच्याकडे नव्हतं. समोरच्या घरापुढं कुणीतरी मोटारसायकलवर बसलं होतं, पेट्रोलच्या टाकीवर एक लहान कुत्रं उभं केलं होतं, आणि बाई त्याला काहीतरी सुनावत होत्या. तो खाली उतरला. कुत्र्यालाही उतरवून त्यानं दोन्ही हातांनी धरलं. गाई उठल्या, गाडी सुरू झाली, तरी बाईंचं बोलणं संपलं नव्हतं.